जीआरईचे शब्द: यादी पाठ आहे, तरी रिकाम्या जागा चुकतात

कोराकागद (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. जीआरईच्या (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा) व्हर्बलची, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागाची, तयारी चालू आहे आणि घोडं एका ठिकाणी अडलंय. शब्दांची यादी पाठ आहे. कार्डावर 'लॅकॉनिक' दिसलं की 'मोजकं बोलणारा', 'ऑब्सिक्विअस' दिसलं की 'लाळघोट्या', असं तोंडातून आपसूक निघतं. पण सराव परीक्षेत तेच शब्द पर्यायांत आले की गोंधळ उडतो. दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत, तरी कुठला बसवायचा ते कळत नाही. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये (एकाच रिकाम्या जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखा ठेवणारे दोन शब्द निवडायचे) तर हमखास समानार्थी जोडी पकडते आणि उत्तर भलतंच निघतं.

ज्यांना परीक्षेचं आताचं स्वरूप ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२३ पासून ती आटोपशीर झाली आहे, सगळं मिळून १ तास ५८ मिनिटं. व्हर्बलचे दोन भाग, पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. गुण १३० ते १७० च्या पट्टीवर. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे, बाकीचे रिकाम्या जागांचे, आणि माझी दाणादाण उडते ती या दुसऱ्या निम्म्यात.

नेमके किती शब्द आले म्हणजे पुरे? भर यादीवर द्यावा की वाचनावर? आणि कार्डं करायची तर कशी? कारण माझी कार्डं मलाच गंडवतायत असं वाटायला लागलंय. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं. क्लासची जाहिरात नको, प्लीज.

आडवाटेचा:

यादी गुंडाळून ठेवा. ऑगस्ट २०११ मध्ये ईटीएसने (जीआरई घेणारी संस्था) परीक्षा बदलली, तेव्हाच विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजी (शब्दजोड्यांमधलं साम्य ओळखणं) हे दोन्ही प्रकार काढून टाकले. त्याआधी खरंच सुटा शब्द समोर यायचा, त्याच्या उलट अर्थाचा निवडा म्हणायचे, आणि पाठांतरवाल्यांची चांदी व्हायची. आता प्रत्येक शब्द वाक्यातूनच येतो. तरी लोक त्याच जमान्यातल्या साडेतीन हजार शब्दांच्या याद्या एकमेकांना पाठवत बसलेत. रट्टा मारून कुणाला भाषा आली आहे का? वाचा. भरपूर वाचा. बाकी सगळं थोतांड.

टिंब_टिंब:

वाचनखूण साठवली. येऊ द्या.

मुक्काम_पोस्ट:

@आडवाटेचा, निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा. परीक्षा तोंडावर आलेल्या माणसाला 'भरपूर वाचा' सांगून काय होणार? एखादा अवघड शब्द वाचनात एकदा भेटला की पुन्हा कधी भेटेल याचा भरवसा नसतो. तोपर्यंत पहिली भेटही विसरलेली असते. यादी लागतेच. फक्त तिच्यातून तोंडओळख होते, त्यापलीकडची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

@कोराकागद, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुम्ही पर्याय आधी वाचताय आणि वाक्य नंतर. एक करून बघा. पर्याय हाताने झाका. वाक्य पूर्ण वाचा. रिकाम्या जागेत तुमचा स्वतःचा शब्द घाला. मराठीत सुचला तरी चालेल, अगदी बाळबोध असला तरी चालेल. मगच हात काढा.

हे घ्या. परीक्षेत अर्थातच इंग्रजीत असतं, इथे वाक्य मराठीत मांडतो:

"समीक्षकाने पुस्तकाचं कौतुक केलं खरं, पण प्रत्येक वाक्याला एक 'मात्र' जोडून, इतक्या ____ स्तुतीतून प्रकाशकाला जाहिरातीसाठी एकही ओळ उचलता आली नाही."

पर्याय: फुलसम, क्वालिफाइड, एफ्युझिव्ह, अनइक्विव्होकल, लर्नेड.

कोराकागद:

झाकून वाचल्यावर 'हातचं राखून केलेल्या' असं सुचलं. मग हात काढला तर तसं काहीच दिसेना. एफ्युझिव्ह म्हणजे ओसंडून वाहणारी आणि अनइक्विव्होकल म्हणजे निःसंदिग्ध, दोन्ही उलट दिशेचे, ते बाद. फुलसम म्हणजे भरभरून, तेही बाद. क्वालिफाइड म्हणजे पात्र ना? 'पात्र स्तुती' काही जमत नाही. मग उरलं लर्नेड, विद्वत्तापूर्ण?

मुक्काम_पोस्ट:

'हातचं राखून' हेच उत्तर होतं, आणि ते पर्यायांत बसलेलंही होतं. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं, तसंच एखाद्या विधानाला अट जोडून त्याची धार कमी करणं हेही. 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा. उलट 'ॲन अनक्वालिफाइड सक्सेस' म्हणजे निर्विवाद यश, अपात्र यश नव्हे.

आता गंमत अशी की हा शब्द कुठल्याही यादीत तुम्ही 'येतो' म्हणून खूण करून पुढे गेला असता. वाक्य तुम्हाला शंभर टक्के कळलं होतं. पर्यायही एकेक करून नीट गाळलेत. अडकलात ते सर्वांत सोप्या दिसणाऱ्या शब्दावर. ईटीएसला हे चांगलं माहीत आहे.

फुलसमबद्दल एक: नुसतं भरभरून नाही, तर ऐकणाऱ्याला कसंनुसं व्हावं इतकं, खोटं वाटावं इतकं. ती छटा लक्षात राहू द्या.

दोन_ओळी:

या सोप्या दिसणाऱ्या शब्दांची वेगळी वहीच करायला हवी. फ्लॅग म्हणजे झेंडा, पण क्रियापद झालं की मरगळणं, ओसरणं, 'फ्लॅगिंग इंटरेस्ट'. टेंपर म्हणजे सौम्य करणं. चेक म्हणजे आवर घालणं, 'अनचेक्ड ग्रोथ' मधला. वाँटिंग म्हणजे उणा पडलेला. पेडेस्ट्रियन म्हणजे अगदी सामान्य, रटाळ. अरेस्टिंग म्हणजे नजर खिळवून ठेवणारा. हजबंड क्रियापद म्हणून आलं की काटकसरीने, जपून वापरणं. आणि सँक्शन म्हणजे कहर: मंजुरी देणंही तेच आणि निर्बंध लादणंही तेच, कोणता घ्यायचा ते वाक्यानेच सांगायचं.

तिरकी_मान:

हजबंड म्हणजे जपून वापरणं? घरी कळवते. (दिवे घ्या.)

जुनी_वही:

कार्डांबद्दल लिहिते, कारण बरेच जण तिथेच फसतात.

एका बाजूला 'लॅकॉनिक', दुसऱ्या बाजूला 'मितभाषी' असं कार्ड केलं की डोक्यात एवढंच पक्कं होतं: हे अक्षरचित्र दिसलं की तो आवाज काढायचा. परीक्षेत मात्र वाक्य समोर असतं आणि शब्द शोधायचा असतो, म्हणजे वाट उलटी. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा, मागे शब्द. वाक्य शब्दकोशातलं उचलण्यापेक्षा जिथे तो शब्द पहिल्यांदा भेटला तिथलं घ्या, लांब असेल तर छाटा. एका कार्डावर एकच अर्थ. सँक्शनची दोन कार्डं, क्वालिफायची दोन. 'सगळे अर्थ एकदम' अशी कार्डं कधीच पाठ होत नाहीत, अर्धवट आठवतं आणि आपण स्वतःला उदार मनाने पास करतो.

शिवाय शब्दाची सोबत लिहा. तो कुणाबरोबर येतो? 'मिटिगेट' पुढे रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स येतात. 'प्लॅकेट' पुढे चिडलेली माणसं. दोन्हींचा अर्थ यादीत 'शमवणे' असाच दिलेला असतो, आणि रागावलेल्या ग्राहकाला मिटिगेट करता येत नाही.

उजळणीचं शास्त्र जुनं आहे. हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला, १८८५ साली. पहिल्या काही तासांत घसरण जोरात, नंतर मंद. प्रत्येक उजळणीनंतर ती आणखी मंदावते, म्हणून उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. सेबास्टियन लाइटनरने १९७० च्या दशकात याच तत्त्वावर कप्प्यांचा डबा सुचवला: आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. ॲन्की हे ॲप २००६ पासून तेच काम हिशेबाने करतं.

ॲन्कीच्या मूळ सेटिंगमध्ये रोज वीस नवी कार्डं असतात. सुरुवातीला वीस म्हणजे काहीच वाटत नाही. काही आठवड्यांनी रोजच्या उजळण्या शे-दोनशेच्या घरात जातात आणि लोक ॲपच उडवतात. परीक्षा लांब असेल तर दहावर ठेवा. नवी कार्डं एखाद दिवस बुडाली तरी चालतात, उजळणी बुडवू नका.

आडवाटेचा:

हा सगळा खटाटोप करून शेवटी रट्टाच. फक्त हिशेबशीर रट्टा.

जुनी_वही:

हिशेबशीर रट्टा म्हणा हवं तर, मला राग नाही. पण एक फरक आहे. यादी पुन्हापुन्हा वाचणं आणि न बघता आठवायचा प्रयत्न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून बघणारे. म्हणजे वाचणाऱ्याला आत्ता, या क्षणी, जास्त येतंय असं वाटतं आणि ते खोटंही नसतं! फक्त परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

कोराकागद:

@जुनी_वही, हे वाचून उजेड पडला. मी रोज झोपायच्या आधी यादी वाचते आणि खूप येतंय असं वाटतं.

आठ-आठदा विसरणाऱ्या शब्दांचं काय करायचं? काही शब्द डोक्यात टिकतच नाहीत.

जुनी_वही:

ॲन्की अशा कार्डाला 'लीच' म्हणजे जळू असं नाव देतं, मूळ सेटिंगमध्ये आठ वेळा चुकलं की खूण लागते. तेच कार्ड नवव्यांदा रेटू नका. कार्ड खोडून नवं वाक्य शोधा. बहुतेक वेळा त्या शब्दाची दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत होत असते. इंजीनियस आणि इंजेन्युअस, प्रॉडिगल आणि प्रॉडिजियस, डिस्क्रीट आणि उच्चाराने तस्साच पण स्पेलिंगने वेगळा त्याचा भाऊ. अशा वेळी दोघांना एकाच वाक्यात कोंबा. 'कल्पक असूनही तो इतका भाबडा होता की' असं काहीतरी इंग्रजीत स्वतः रचा, म्हणजे इंजीनियस कोण आणि इंजेन्युअस कोण हे एकदाच मिटतं.

मुक्काम_पोस्ट:

आता सेंटेन्स इक्विव्हॅलन्स. सहा पर्याय, दोन निवडायचे, दोन्ही बरोबर आले तरच गुण. अर्ध्याला अर्धा गुण नाही. टेक्स्ट कम्प्लीशनमध्येही (मजकुरातल्या एक ते तीन रिकाम्या जागा भरणं) तसंच, तीन जागांपैकी दोन बरोबर म्हणजे शून्य.

जोड्या शोधत सुटलं की माती होते, कारण वाक्याशी संबंध नसलेली एक छान समानार्थी जोडी मुद्दाम ठेवलेली असू शकते. उदाहरण:

"फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंत्र्यांनी या वेळी मात्र आश्चर्यकारकरीत्या ____ उत्तर दिलं."

ब्लंट, इव्हेसिव्ह, टॅक्टफुल, कँडिड, इक्विव्होकल, टीडियस.

भिंगरी:

मी सोडवते. झाकून: 'गुळमुळीत'. ब्लंट-कँडिड ही गळाला लावलेली जोडी, ती तर त्यांच्या नेहमीच्या स्वभावाची, आश्चर्य कसलं? टॅक्टफुल वाक्यात बसतो, पण त्याला जोडीदार नाही. टीडियसचा इथे संबंध नाही. उरले इव्हेसिव्ह आणि इक्विव्होकल. दोघं तंतोतंत समानार्थी नाहीत, एक टाळाटाळ करतो आणि दुसरा दोन्हीकडून अर्थ लागेल असं बोलतो, पण वाक्य दोन्हींनी एकाच अर्थाचं होतं.

मुक्काम_पोस्ट:

अगदी. आणि बघा, निवाडा केला 'मात्र' आणि 'आश्चर्यकारक' या दोन शब्दांनी. अवघड शब्दांच्या नादात लोक हे छोटे सांधे बघत नाहीत. ऑल्दो, डिस्पाइट, ऑल्बीट, फार फ्रॉम, इफ एनिथिंग, हार्डली. कोलन आला की पुढे बहुधा आधीच्या म्हणण्याचाच खुलासा असतो, म्हणजे दिशा तीच. आणि 'बट' चे खेळ तर वेगळे शिकून घ्या. 'ऑल बट सर्टन' म्हणजे जवळजवळ नक्की. 'एनिथिंग बट सर्टन' म्हणजे मुळीच नक्की नाही. 'नथिंग बट ट्रबल' म्हणजे निव्वळ कटकट. आणि 'नथिंग इफ नॉट थरो' म्हणजे कमालीचा काटेकोर. यात एकही शब्द 'जीआरईचा' नाही, आणि यातला एक उलटा वाचला की तिन्ही रिकाम्या जागा उलट्या भरल्या जातात.

'बिलाय' हे क्रियापदही याच पंगतीतलं. 'हिज काम मॅनर बिलाइड हिज पॅनिक': शांत वागणुकीने आतली घाबरगुंडी झाकली, खोटं चित्र उभं केलं. पुष्कळ जण त्याचा अर्थ 'दर्शवणे' असा घेतात आणि वाक्याची दिशाच बदलते.

टिंब_टिंब:

'ऑल बट' आजवर 'सोडून सगळं' असं वाचत होतो. परीक्षा दूरच राहिली, बातम्याही उलट्या वाचल्या असणार.

भिंगरी:

धातूंबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. लॅटिन-ग्रीक धातू कळले की एकेका फटक्यात पाच-सहा शब्द हाती लागतात. लोक्व म्हणजे बोलणं: लोक्वेशस बडबड्या, एलोक्वंट वक्तृत्व असलेला, ग्रँडिलोक्वंट भारदस्त शब्दांचा फुलोरा करणारा, सर्कमलोक्यूशन म्हणजे मुद्द्याभोवती पिंगा.

आपल्याला तर एक वरची सोय आहे. संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या. सब्ज्युगेट मधला जुगम म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचं. आपलं 'जू' संस्कृत 'युग' वरून आलं आणि ते त्याच मुळातलं. सब्ज्युगेट म्हणजे शब्दशः जुवाखाली आणणं. तसंच लॅटिन पेड आणि आपलं पद: इम्पीड म्हणजे पाय अडकवणं, एक्स्पेडाइट म्हणजे पाय मोकळे करणं. मॅग्ना मधला महत् तर दिसतोच, मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा.

लॅकॉनिकचीही गोष्ट आहे. लॅकोनिया म्हणजे स्पार्टाचा मुलूख. मॅसिडोनच्या फिलिपने धमकी पाठवली की मी तुमच्या प्रदेशात शिरलो तर तुम्हाला उद्ध्वस्त करीन. स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं: "तर." प्लुटार्कने सांगितलेली आख्यायिका आहे. ही ऐकल्यावर लॅकॉनिक विसरून दाखवा.

आडवाटेचा:

छान आहे, पण धातूंवर विसंबणाऱ्यांची विकेटही तिथेच पडते. एनर्व्हेट बघून 'एनर्जी देणं' म्हणणारे कमी नाहीत, अर्थ बरोब्बर उलटा, गळून जायला लावणं. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नाही, अस्वस्थ, आवर न जुमानणारा. नॉइसमचा गोंगाटाशी काही संबंध नाही, दुर्गंधीशी आहे. आणि तुमचं पेड: पेडॅगॉग मधला पेड पायाचा नाही, ग्रीकमधल्या मुलाचा.

भिंगरी:

सगळं मान्य. एनर्व्हेटचा धातू मात्र खरा निघतो, फोड चुकीची होते. 'ए' म्हणजे बाहेर आणि पुढे नर्व्ह. शिरांतलं बळ काढून घेणं. म्हणून माझा नियम असा की धातूवरून नव्या शब्दाचा अर्थ ताडायचा नाही, आधी माहीत झालेला अर्थ धातूला टांगून ठेवायचा. परीक्षेत अगदीच अनोळखी शब्द आला आणि दुसरा काही आधार नसला तर गोष्ट वेगळी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, मग कोरं कशाला सोडा?

निवांत_पक्षी:

मी मराठी माध्यमातला. यादीत इंग्रजी शब्दाला इंग्रजीच अर्थ दिलेला असायचा आणि तो डोक्यावरून जायचा. स्टिंगी, फ्रुगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, सगळ्यांसमोर 'पैसे खर्च न करणारा' असंच काहीतरी. मी मराठी छटा लिहायला लागलो तेव्हा गाडी रुळावर आली. फ्रुगल आणि थ्रिफ्टी काटकसरी, म्हणजे चांगलं. स्टिंगी आणि पार्सिमोनियस कंजूष, चिक्कू, म्हणजे वाईट. टेनेशस चिवट, ऑब्स्टिनेट हेकेखोर. ऑफिशस म्हणजे अधिकृत नव्हे, लुडबुड्या. सुपरसिलियस शिष्ट. टॅसिटर्न मुळातच अबोल, लॅकॉनिक बोलतो पण मोजकं, रेटिसंट मनातलं बाहेर काढत नाही.

हे केल्यावर प्रत्येक शब्दासमोर अधिक किंवा उणे अशी खूण केली. वाक्य निंदा करतंय की स्तुती एवढं कळलं तरी पाचातले दोन-तीन पर्याय तिथेच गळतात. एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ आठवत नसला आणि खूण आठवत असली तरी काम भागतं.

मराठीत अर्थ लिहू नका असं सांगणारे भेटतील. ऐकू नका.

मुक्काम_पोस्ट:

+१. फक्त शेवटच्या टप्प्यात मराठी मधून काढा, वेळ जातो. सुरुवातीला मात्र 'हातचं राखून', 'गुळमुळीत', 'लुडबुड्या' याइतके नेमके अर्थ इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातून डोक्यात बसणार नाहीत.

कोराकागद:

फारच कामाचं चाललंय सगळं. पण 'किती शब्द' हे कुणीच सांगितलं नाही!

जुनी_वही:

कारण आकडा सांगितला की लोक मोजत बसतात.

तरी सांगते. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेल्या पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता: इंग्रजी मजकूर मदतीशिवाय, अठ्ठ्याण्णव टक्के शब्द ओळखीचे असतील अशा रीतीने वाचायचा तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे हॅपी, अनहॅपी, हॅपिनेस मिळून एक. एवढा डोलारा यादीने उभा राहत नाही, तो वर्षानुवर्षांच्या वाचनाचा असतो आणि पदवीपर्यंत पोचलेल्या माणसाकडे त्यातला बराचसा असतोच. यादीने वरचा थर भरायचा. माझ्या मते हजारेक शब्द, पण वाक्यासकट, सोबतीसकट, दोन-दोन अर्थांसकट. साडेतीन हजारांची तोंडओळख त्यापुढे फिकी.

आडवाटेचा:

म्हणजे फिरून वाचनावरच आलात ना. मग कसं वाचायचं तेही सांगतो. कादंबऱ्या नकोत, निदान आत्ता नकोत. जीआरईचे उतारे युक्तिवादाचे असतात: एक जुनं मत, त्यावर आक्षेप, मग लेखकाची अर्धीमुर्धी भूमिका. असं गद्य 'द इकॉनॉमिस्ट', 'सायंटिफिक अमेरिकन', 'ईऑन' अशा ठिकाणी मिळतं. रोज एकच लेख घ्या, आणि आपल्या आवडीच्या विषयातला शक्यतो नकोच. कलेचा इतिहास, जीवशास्त्र, राज्यशास्त्र, जे नकोसं वाटतं ते. पहिल्यांदा शब्दकोश न उघडता वाचा. प्रत्येक परिच्छेदानंतर लेखक कुणाच्या बाजूने बोलतोय ते एका ओळीत मराठीत लिहा. मग परत जाऊन शब्द बघा, पण तीन-चारच, ज्यांच्यामुळे अर्थ अडला तेवढेच. वीस शब्द अधोरेखित केलेत की लेख संपतो आणि हाती काही लागत नाही.

तिरकी_मान:

आडवाटेचे काका रुळावर आले की!

आडवाटेचा:

आलेलो नाही. यादीचा शेवटचा नंबर, हे माझं मत कायम.

खिडकीतला:

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. आधी ज्या अभ्यासक्रमाला जायचंय तिथे जीआरई लागते का ते तपासा. २०२० नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. लागत असली तरी अभियांत्रिकीवाले बहुधा क्वांटकडे (गणिताच्या विभागाकडे) जास्त बघतात, इतिहास-समाजशास्त्रवाल्यांचं उलट. गुण पाच वर्षं चालतात, तेव्हा आत्ता देऊन ठेवायची की नंतर हाही विचार करा. काही जण व्हर्बलचे दोन गुण वाढवायला महिने घालवतात आणि एसओपी (अर्जासोबतचा उद्देश सांगणारा निबंध) शेवटच्या आठवड्यात लिहितात.

आणि परीक्षेत वेळ कसा वाचवायचा तेही लिहितो. एका भागाच्या आत पुढे-मागे जाता येतं. प्रश्नाला खूण करून पुढे जा, शेवटी रिव्ह्यूच्या पानावरून परत या. तीन जागांचा अजगरासारखा प्रश्न आणि एका जागेचा सोपा प्रश्न, दोन्हींना गुण सारखाच. मी शब्दांचे सुटसुटीत प्रश्न आधी उरकायचो आणि वाचलेला वेळ उताऱ्यांना द्यायचो. पहिला भाग जरा जपून सोडवा, कारण दुसरा सोपा येणार की अवघड हे त्यावर ठरतं आणि गुण काढताना ते धरलं जातं.

कोराकागद:

@खिडकीतला, माझ्या विभागाला लागते, पाहून घेतलंय. विषय मानववंशशास्त्र, म्हणजे व्हर्बलवरच सगळी भिस्त.

कालपासून कार्डं उलटी करायला घेतली. शंभरेक झाली असतील. करताना लक्षात आलं की निम्म्या शब्दांसाठी मला स्वतःचं वाक्यच सुचत नाही. अर्थ येतो, वाक्य येत नाही. 'इनेट' म्हणजे जन्मजात हे येतं, पण कशाला इनेट म्हणतात? 'अबेट' पुढे काय येतं?

जुनी_वही:

'द स्टॉर्म अबेटेड.' वादळ, पूर, ताप, आवाज, उत्साह. जोरात असलेलं ओसरतं ते. इनेट पुढे एबिलिटी, सेन्स, क्युरिऑसिटी. चांगल्या शब्दकोशात आता ही सोबत वेगळी दिलेली असते, कोलोकेशन म्हणून, ती बघा. वाक्य न सुचणारे शब्द बाजूला काढा. तीच तुमची खरी यादी.

नवखा_७:

मी बारावीत आहे. सॅटसाठी (अमेरिकेत पदवी प्रवेशाची परीक्षा) हे सगळं करायचं का? आणि ताईला जीमॅट (एमबीए प्रवेशाची परीक्षा) द्यायचीय, तिलाही हाच धागा देऊ का?

मुक्काम_पोस्ट:

सॅटमध्ये ॲनालॉजी २००५ मध्ये गेल्या आणि सेंटेन्स कम्प्लीशन २०१६ मध्ये. आताच्या डिजिटल सॅटमध्ये छोट्या परिच्छेदात शब्द बसवायचे प्रश्न आहेत, पण शब्द जीआरईपेक्षा सोपे. तुला दोन_ओळींची ती सोप्या शब्दांच्या वेगळ्या अर्थांची यादी आणि झाकून वाचायची सवय एवढं पुरे. हजार कार्डं करत बसू नकोस. ताईला शब्दांची कार्डं मुळीच नकोत. जीमॅटच्या व्हर्बलमध्ये आता उताऱ्यांचे आणि क्रिटिकल रीझनिंगचे (युक्तिवाद पारखायचे) प्रश्न उरलेत, सेंटेन्स करेक्शनही (वाक्य दुरुस्ती) काढलंय. तिला फक्त 'ऑल बट' चा प्रतिसाद आणि आडवाटेंची वाचनाची पद्धत दाखव.